अनंताची कार्डं आणि माझी कारकुनी

चहा संपवा आधी. कारण हे ऐकल्यावर तुम्ही मला तुमच्या घरातल्या साध्या कागदालाही हात लावू देणार नाही!

माझा मेव्हणा अनंता, राहणार तुडील. मुंबईतली नोकरी सोडून गावी परतला तो कबड्डीपटूंची कार्डं घेऊन. पत्त्यांच्या पानाएवढी कार्डं. पुढे खेळाडूचा फोटो, मागे त्याची सगळी कामगिरी. ओटीवरच्या भिंतीवर स्वतः रंधा मारून बसवलेल्या सागवानी पट्ट्या आणि त्यांत उभी चाळीस कार्डं! एक काढायचं, उलटं करून वाचायचं, परत ठेवायचं. सावित्रीकाठचा दमटपणा, पण एकाही कार्डाला बुरशी नाही. रोज मऊ फडक्याने पुसतो हो! कुठल्या खेळाडूची कुठली पकड, झोपेतून उठवून विचारा. मला त्याचा हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू?

गेल्या पावसाळ्यात तो आठवडाभर मुंबईला गेला. निघण्याआधी पोलादपूरला येऊन आमच्याकडे किल्ली दिली.

"भावोजी, कार्डांवर ध्यान ठेवा. ओल लय हाय."

ध्यान? अहो, मी वीस वर्षं शाळेत कारकून! दाखला असो की गुणपत्रिका, आपल्याकडे ओलीवर एकच इलाज. लॅमिनेशन!

सगळी कार्डं पिशवीत घातली आणि थेट महाड गाठलं. दुकानदार म्हणाला, "काका, पाठीला पाठ लावून दोन-दोन करू काय? प्लास्टिक वाचंल."

"कर की!"

मागची कामगिरी कायमची आत गाडली गेली, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. उलट ते गुळगुळीत कोपरे बघून हात शिवशिवायला लागले. घरी आलो, प्रत्येकाला पंच मारला, नाडी ओवली, फाईल तयार! वर ठळक अक्षरात लिहिलं, ‘विषय: कबड्डी’.

बायको म्हणाली, "अहो, त्याला विचारलंत का?"

"विचारायचं काय? चकित होईल तो!"

झाला.

मुंबईहून परतल्यावर अनंताने ओटीवरच फाईल हातात घेतली. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. प्लास्टिकच्या कडेत नख घालून पाहिलं! मला वाटलं, आता पाठ थोपटणार.

"भावोजी, एका कार्डावर सही होती..."

"ते होय? कुणीतरी पेनाने गिरगटून ठेवलं होतं. लॅमिनेशनच्या आधी स्पिरिटने लख्ख पुसलं मी. अर्धा तास घासत होतो!"

अनंता मटकन खाली बसला. त्या सहीसाठी तो मुंबईत मैदानाबाहेर चार तास उन्हात उभा होता.

आता मात्र माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी लाज जन्मात कधी वाटली नव्हती. म्हटलं, "अनंता, चप्पल काढ आणि मार मला."

त्याने फाईल बाजूला ठेवली. मग उठला आणि आतून मार्कर घेऊन आला.

"तुमास्नी मारून सही येनार हाय काय? घ्या. त्या जागेवर आता तुमी करा."

"मी?"

"मग? कुनी पुसली म्हनून लोकांनी इचारलं, तर दाखवाया नको?"

सांगा, असा मेव्हणा कुणाला मिळतो? डोळेच भरून आले माझे. त्याच भरात मार्कर घेतला आणि झोकात सही ठोकली.

अनंता वाकून बघायला लागला आणि एकदम खदाखदा हसत सुटला. सवयीच्या हाताने मी सहीखाली लिहून मोकळा झालो होतो, ‘मूळ प्रतीशी पडताळून पाहिले. बरोबर आहे.’