भिजायची साडी

नाताळच्या सुट्टीत सगळ्यांनी विशाखापट्टणमला जायचं ठरलं, तेव्हापासून आईचं एकच पालुपद. "तुम्ही जा पाण्यात. मी आपली वाळूत बसून चपला सांभाळीन."

समुद्रावर ऊन लागतं म्हणून मुलांच्या टोप्या, आणि चालणं होईल म्हणून आईच्या गुडघ्यांचं तेल मी सामानाच्या यादीत लिहिलं. आज तिची बॅग भरताना नव्या साड्यांखाली एक विटलेली, धुऊन धुऊन मऊ झालेली साडी हाताला लागली.

"ही कशाला गं?"

आईनं ती माझ्या हातून घेतली आणि पुन्हा तळाशी ठेवली. "असू दे. भिजायला."

माणसं आपली हौससुद्धा किती खाली, घडी घालून ठेवतात!

मी यादीत शेवटची ओळ लिहिली: चपला सांभाळायला मी.