मंदाला न मिळालेली सही

शिपायाने वर्गाच्या दारातून खूण केली, तेव्हाच मी समजले. मंदा गेली होती. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर... जामखेडजवळच्या आमच्या गावात ज्या रोगाचं नाव तिनेच पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं, तोच. आज पाच आठवडे झाले.

मंदा माझी शाळेपासूनची मैत्रीण आणि गावची आशाताई. या रोगावरच्या लसीबद्दल बोलायला ती माझ्या नववीच्या वर्गात आली होती. मुली आधी खिदळल्या. मग एकीने धीर करून विचारलं, "ताई, ही लस घेतली की पोरगी चालू हाय असं लोक म्हनत्यात. खरं का?" मंदा म्हणाली, "लहानपनी गोवरची सुई घेतलीस, तवा म्हनलं का कुनी?" वर्ग हसला, आणि मग मुली बोलतच राहिल्या. पाळीबद्दल, लग्नाबद्दल, नवऱ्याला नको म्हणता येतं का याबद्दल. त्यांना इतकं काही विचारायचं असतं, हे मला इतकी वर्षं शिकवूनही ठाऊक नव्हतं. शेवटी कोमल उठली. "मला घ्यायची हाय. पर सही आप्पाची लागती, आन् आप्पा न्हाई म्हनतो."

कोमलचे आईवडील ऊसतोडीला गेलेले. ती आजीकडे राहायची. मंदा मला घेऊन एसटीने थेट उसाच्या फडावर गेली. आप्पांनी हातातला कोयता खाली न ठेवताच ऐकलं. "लगीन झाल्यावर तिचा नवरा बघंल," एवढंच बोलले. कागद कोराच परत आला. येताना मंदा सीटवर वाकून बसली होती. "काय न्हाई गं, कंबर भरली," म्हणाली. कित्येक महिने तिच्या अंगावरून जात होतं, हे मला फार उशिरा कळलं. दवाखान्यात मी चिडून विचारलं, "तुला तर सगळं माहीत होतं ना गं?" ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "पोरींना सांगाया सोपं हुतं. सवताला दाखवायचं म्हनलं की लाज वाटायची..."

परवा तिच्या घरी गेले. तिची लेक आईचा मोबाईल अजून रोज चार्ज करून ठेवते. त्यात कोमलचा आवाज होता, मंदा गेल्यानंतर पाठवलेला. कोमल आता आईबरोबर फडावर असते. मंदा गेल्याचं तिला कुणी कळवलंच नव्हतं. "ताई, अठरा झाल्यावर माजीच सही चालंल ना? तवर थांबलं तर जमतंय का?"

अठरानंतरही लस घेता येते, हे मंदानेच मला सांगितलं होतं. तेवढं तरी पोरीला सांगावं म्हणून त्याच मोबाईलवरून फोन लावला. पहिल्याच रिंगला तिने उचलला.

"हां ताई! किती दिसांनी... बोला ना."