खिशातली चिठ्ठी

ही गोष्ट मी बायकोलाही कधी सांगितली नाही. रोह्याच्या एका ओटीवर उभा राहून मी एका बाईला "चिठ्ठी कुठे आहे?" असं विचारलं, तेव्हा ती चिठ्ठी माझ्याच शर्टाच्या खिशात होती.

पेणला आमचा गणपतीचा कारखाना. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड आणि पुढे फळ्यांवर वाळत ठेवलेल्या मूर्ती. वडिलांच्या वेळी गिऱ्हाईक यायचं ते आखणीसाठी. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. बाकी सगळं कारागिरांनी करावं, पण डोळे मालकाच्या हातचे, असा आमच्याकडचा रिवाज. नव्वद सालानंतर वडील गेले आणि रिवाज माझ्यावर आला. माझा हात काही आखणीला बसला नाही. मी डोळे काढलेला देव लग्नात चुकून आलेल्या पाहुण्यासारखा दिसायचा, कुणालाच न ओळखणारा.

मागणी वाढत होती, माणसं कंपन्यांत चालली होती. हात पुरेनात म्हणून मी काम घरोघर द्यायला लागलो. जिते गावात दोन घरांत पितांबरं रंगायची, गागोदे गावात एका घरात उंदीर. ते सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते रोह्याचं घर. वडिलांच्या जुन्या कारागिराची मुलगी तिथे दिली होती. लहानपणी ती बापाशेजारी बसून फुटक्या मूर्तींवर डोळे काढायची आणि वडील म्हणायचे, हिचा देव बघतो.

मी विचारायला गेलो तेव्हा तिची सासू सुपातले तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "डोळ्यांचं काम हाय. हात चुकला तर देवाचा कोप कुनाच्या घरावर? तुमच्या का आमच्या?"

"मावशी, चूकभूल सगळी माझी," मी म्हणालो. "तुमच्या घराला काही लागणार नाही."

"आता गोड बोलताय," म्हातारी म्हणाली. पण हो म्हणाली.

तीन वर्षं ते नीट चाललं. पेंढा भरलेल्या पेट्यांतून बिनडोळ्यांच्या मूर्ती टेंपोनं रोह्याला जायच्या आणि चार-पाच दिवसांनी बघत परत यायच्या. व्यापारी म्हणायचे, बापाचा हात पोरात उतरला. मी हसायचो. नाही म्हणायला तोंड उघडायला हवं होतं, ते मी कधी उघडलं नाही.

लांबून काम करून घ्यायचं म्हणून मी एक पद्धत ठेवली होती. पेंढ्यात एक चिठ्ठी: नग किती आणि नजर कशी. मखरात बसायचा घरगुती गणपती समोर बघतो, म्हणून 'नजर समोर'. उंच स्टेजवर बसायचा तो खालच्या माणसांकडे बघायला हवा, म्हणून 'नजर खाली'. काम झालं की तिनं चिठ्ठीवर पेन्सिलीनं बरोबरची खूण करायची आणि चिठ्ठी मालाबरोबर परत पाठवायची. म्हणजे पुरावा नेहमी माझ्याकडेच यायचा. पद्धत ठेवताना हे माझ्या मनात नव्हतं.

त्या श्रावणात दोन लॉट एकदम गेले. मुंबईच्या एका व्यापाऱ्याचे साठ घरगुती आणि धाटावच्या कंपन्यांच्या स्टेजसाठी वीस. साचा एकच, उंची एकच. दोन चिठ्ठ्या मीच लिहिल्या आणि मीच पेट्यांत टाकल्या.

तिसऱ्या दिवशी फोन वाजला. तिच्या घराशेजारच्या वाण्याच्या दुकानातून ती बोलत होती. "दादा, साठच्या साठ खाली घेऊ? एवढे देव उंचावर कोण बसवतंय?"

नेमका तो व्यापारी माझ्यासमोर खुर्चीत बसून चहा पीत होता. त्याच्या समजुतीनं त्याच्या मूर्तींचे डोळे मी काढत होतो. फोनवर डोळ्यांचं नावही घ्यायची सोय नव्हती.

"चिठ्ठीत आहे तसं करा," मी म्हणालो. "उगाच शंका काढत बसू नका."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

माल आला त्या दिवशी व्यापारी हजर होता. त्यानं एक मूर्ती पेंढ्यातून काढली, टेबलावर ठेवली आणि समोर स्टूल ओढून बसला. बराच वेळ बसला.

"शेठ, हा माझ्याकडे बघत नाही हो. मोदकाकडे बघतोय. उपाशी ठेवलात काय याला?"

त्यानं दुसरी काढली, तिसरी काढली. मग मस्करी संपली. "हे डोळे तुम्ही काढलेत?"

इथे दोनच वाक्यं शक्य होती: हो, मीच काढले, किंवा नाही, मी कधीच काढले नाहीत. मी तिसरं बोललो. "या लॉटचं काम रोह्याला एका बाईकडे दिलं होतं. तिनं बिघडवलं."

तीन वर्षं डोळे चांगले होते तेव्हा ते माझे होते. बिघडले त्याच मिनिटाला ते तिचे झाले.

उद्या संध्याकाळी ट्रक येईल, तोवर नीट करा, नाहीतर माल तुमचा तुम्हालाच, असं सांगून तो उठला. मी रिकाम्या पेटीत हात घातला. पेंढ्यात चिठ्ठी होती. माझं अक्षर: 'नग ६०, नजर खाली'. लिहिताना मीच दोन्ही लॉटच्या नजरा उलटसुलट केल्या होत्या. बाजूला तिची पेन्सिलीची खूण. मी ती घडी करून खिशात ठेवली. तेव्हा खरोखर वाटलं होतं की तिला दाखवावी, माफी मागावी आणि काम करून घ्यावं.

साठ मूर्ती परत टेंपोत चढल्या. टेंपोवाला म्हणाला, "देव उलटे कुठं चालले शेठ? विसर्जन लवकर काढलंत का काय?" वडखळचा नाका मागे पडला, नागोठणं गेलं, कोलाड गेलं. वाटेत मी वाक्य जुळवत होतो. चिठ्ठी दाखवली तर म्हातारी म्हणणार, चुकणारा माणूस तू, तुझे देव घरात कशाला ठेवू? काम बंद होईल. मग पुढच्या वर्षी डोळे कोण काढणार? कोलाडपासून रोह्यापर्यंत मी एवढाच विचार केला. तिचा केला नाही.

ओटीवर सासू होती. पेट्या उतरताना बघून ती उभी राहिली. "काय झाला?"

"नजर चुकली," मी म्हणालो. "साठच्या साठ."

ती आतून पदराला हात पुसत आली. "दादा, चिठ्ठीत तसंच होतं. मी फोनपन केलेला."

"फोनवर मी चिठ्ठीप्रमाणे करा म्हणालो. चिठ्ठी कुठे आहे?"

"मालाबरोबर धाडली. तुम्हीच सांगितलेलं तसं."

"मला मिळाली नाही. मी 'नजर समोर' लिहिलं होतं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. बुबुळ टेकवायच्या आधी ती मूर्तीकडे तसंच बघायची, ब्रश हवेत धरून. माझा हात खिशावर होता. तो तिनं पाहिला की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

"असेल मग," ती म्हणाली.

"मी आधीच बोललेली," सासू म्हणाली. "साठ देवांचं डोळं बिघडवलं गो बाय. आता काय व्हायचा ता आपल्याच घरात व्हनार."

चूकभूल सगळी माझी, हे वाक्य मी याच ओटीवर बोललो होतो. म्हातारी माझ्याकडे बघत थांबली, त्याच वाक्यासाठी थांबली असावी. मी टेंपोवाल्याला पेट्या आत घ्यायला सांगितलं.

तिनं पाटावर एकेक मूर्ती घेतली, बुबुळं पांढऱ्यानं पुसली, वाळवली, पुन्हा काढली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत साठ झाल्या. साठही समोर बघत होत्या. मला त्यांच्यासमोरून पेट्या उचलणं जड गेलं. शेवटची पेटी बांधताना ती म्हणाली, "दादा, आता पाठवू नका. आईंना नको हाय." ज्यासाठी खोटं बोललो तेही हातचं गेलं.

व्यापाऱ्यानं माल उचलला. कंपन्यांच्या वीस मूर्ती समोर बघत तशाच स्टेजवर गेल्या, कुणाच्या लक्षातही आलं नाही. पुढच्या वर्षापासून आखणी मी करायला लागलो आणि व्यापारी हळूहळू दुसऱ्या कारखान्यात गेले.

दोन वर्षांनी तो वाणी पेणला भेटला. म्हणाला, तिच्या नवऱ्याची कंपनी सुटली तेव्हाही म्हातारीनं त्या डोळ्यांचंच नाव घेतलं. घरात दूध नासलं तरी तेच. आणि सून आता मुलांना पाटीवर माणसाचं चित्रसुद्धा काढून देत नाही. मी त्याला चहा पाजला. खरं काय ते तेव्हाही सांगितलं नाही.

चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे. पेन्सिलीची खूण पुसट झाली आहे, माझं अक्षर तसंच आहे. म्हातारी थकली आहे, पण आहे. मला रोह्याला जाऊन त्या ओटीवर, सुनेच्या देखत, म्हातारीच्या हातात ही चिठ्ठी द्यायची आहे आणि चूक माझी होती हे सांगायचं आहे. ते मी अजून केलेलं नाही.