रजिस्टरातला शेवटचा रकाना

भोयर सरांची आणि माझी पहिली भेट वर्ध्याला, त्यांच्या विकृतिशास्त्र विभागात झाली. नवा कोट घालून मी ऐटीत सूक्ष्मदर्शकाशी बसलो होतो. सरांनी विचारले, "हे लिव्हर कोनाचं?" मी काचेचा नंबर सांगितला. "नंबर मलेबी वाचता येते. गाव कोनतं?" गाव मला ठाऊक नव्हते. ऐट तिथेच उतरली.

सरांचे काम यकृताच्या कर्करोगावरचे. शरीराच्या रक्षक पेशींना 'थांबा' असा इशारा देणारी काही प्रथिने असतात. गाठ तीच अंगावर बाळगते आणि पहाऱ्यातून निसटते. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा काप रंगवला की ही प्रथिने तपकिरी दिसतात. रंग जितका गडद तितका रुग्णाला पुढे धोका जास्त का, हे सर शोधत होते. पण त्यासाठी रुग्णाचे पुढे काय झाले हे नक्की कळावे लागते. म्हणून त्यांच्या रजिस्टरात शेवटचा रकाना होता, 'स्वतः पाहिले'. फोन लागला नाही, तर कुणीतरी रुग्णाच्या घरी जायचेच. सर स्वतः एसटीने जात आणि पुढल्या तपासणीची तारीख देऊन येत. या रजिस्टरावरूनच रुग्णांना सोनोग्राफीची पत्रेही जात.

समुद्रपूरकडच्या सुखदेव मडावींच्या घरी जायची पाळी माझी होती. (नावे त्यांच्या पत्नीच्या परवानगीने लिहितो आहे.) समुद्रपूरला उतरलो तेव्हा गावाची गाडी निघून गेली होती. चहाच्या टपरीवर कुणी सांगितले, त्या गावचे मडावी वारले. त्यांची काच मी पाहिली होती, गडद तपकिरी. मला ते लगेच पटले. मी 'मृत्यू' लिहिले आणि शेवटच्या रकान्यात सही ठोकली. "घरी गेलता ना?" सरांनी विचारले. मी "हो सर" म्हणालो.

वारले होते ते दुसरेच मडावी. आमचे सुखदेवभाऊ वर्षभराने पोट धरून विभागाच्या दारात उभे राहिले. "काऊन जी, मले बलावनं आलंच नाई?" मेलेल्या माणसाला पत्र कोण पाठवणार? यकृतात पुन्हा गाठ झाली होती आणि शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती. चार महिन्यांनी ते गेले. वेळेवर पत्र गेले असते तर ते वाचले असते का, मला माहीत नाही. तशी संधी त्यांना मिळाली नाही, ती माझ्यामुळे.

प्रसिद्धीला गेलेला शोधनिबंध सरांनी परत मागवला. "एक सही खोटी, तं बाकीच्या कशावरून खऱ्या?" एवढेच म्हणाले. मडावींच्या घरी जाऊन त्यांनी चूक आपलीच म्हणून सांगितली. बाहेरही माझे नाव घेतले नाही. वयाने निवृत्ती आली, काम अपुरे राहिले. लोक म्हणत, सरांना शेवटी जमले नाही. मी ते ऐकत राहिलो आणि त्यांच्याच शिफारशीवर नोकरीला लागलो. याची मला लाज वाटते.

सरांच्या गौरवग्रंथाच्या संपादकांनी त्यांच्या उपकारांविषयी लिहायला सांगितले, तेव्हा हे लिहू का, असे मी सरांना विचारले. "लिही. पन आधी पार्बताबाईले सांग."

या वेळी गाडी चुकवली नाही. सुखदेवभाऊंच्या पत्नी पार्बताबाईंनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "सर तं दरसाल येतेत. चूक माही, म्हनतेत. तुमाले यायले लई वर्षं लागले." मी मान खाली घातली. निघताना म्हणाल्या, "त्यायचे गुडघे दुखतेत आता. त्यायले म्हना, येऊ नका. तुमी येत जा." माफ केले, असे त्या म्हणाल्या नाहीत. मीही विचारले नाही.

सर, आपल्याला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. पार्बताबाईंकडची दरसालची फेरी आता माझी. आपल्या नावापुढचा रकानाही मीच भरणार आहे, स्वतः पाहून, ऐकून नव्हे. गेल्या रविवारची नोंद अशी: घरी गेलो, भेटलो, गुडघे सोडता प्रकृती उत्तम, चहा दोनदा. हीच नोंद मला पुष्कळ वर्षे करता यावी. शेवटच्या रकान्यात सही केली आहे. ती खरी आहे, सर.