गोगा-आंटीचं दार

सॅनी आडोनिसच्या घरात कपड्यांचं कपाट होतं, पण त्यात कपडे नव्हते. सहा खण, सहाही खणांत गव्हाचा कोंडा आणि कोंड्यात बोटाएवढ्या अळ्या. कपडे बिचारे पलंगाखाली पुठ्ठ्याच्या खोक्यात. केपटाऊनच्या हायडेवेल्ड वस्तीतल्या आमच्या रांगेत घरं इतकी चिकटून आहेत, की शेजारी शिंकला तर आपण रुमाल काढावा. तेव्हा ही गोष्ट लपून राहणं शक्यच नव्हतं. मोठी माणसं तिला तोंडावर आंटी सॅनी म्हणत आणि पाठीमागे गोगा-आंटी. गोगा म्हणजे किडा. पोरं तोंडावरच म्हणत.

हौसेने सरडे पाळणारी माणसं केपटाऊनमध्ये कमी नाहीत. ती राहतात डोंगराच्या त्या अंगाला, झाडांच्या सावलीत. त्यांच्या सरड्यांना रोज जिवंत खाऊ लागतो, आणि तो सॅनीच्या खणांतून जायचा. गिऱ्हाइकं गाडी घेऊन यायची, पण इंजिन कधी बंद करायची नाहीत. सॅनी फाटकापाशी जाऊन डबा काचेतून आत द्यायची. अकरा वर्षांत त्यातल्या एकानेही घरात पाऊल टाकलं नव्हतं.

सुरुवात तिने केली नव्हती, ती केली लुसिंडाने, तिच्या एकुलत्या एका लेकीने. सॅनीने एकोणीस वर्षं सॉल्ट रिव्हरच्या कपड्यांच्या कारखान्यात पँटींना चेन शिवल्या. मग एका शुक्रवारी मालकाने प्रत्येकीला एकेक ब्लँकेट दिलं आणि कारखान्याला कुलूप घातलं. पुढच्या वर्षी नवरा डेव्हिड साखरेच्या दुखण्याने गेला. लुसिंडा तेव्हा बारा वर्षांची, शिष्यवृत्तीवर चांगल्या शाळेत जाणारी. तिच्या वर्गातली एक मुलगी आईबापांबरोबर परदेशी निघाली आणि जाताना आपला दाढीवाला सरडा हिच्या गळ्यात बांधून गेली. लुसिंडाने तो सदऱ्यात लपवून टॅक्सीतून घरी आणला.

“मम्मी, हा मेला तर मी पण मरेन.”

“आधी बाप गेला, आता तू सरड्यापायी जा,” सॅनी म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी दुकानातून मूठभर अळ्या तिनेच आणल्या. त्यांचा भाव ऐकून तिचे डोळे पांढरे झाले, म्हणून निम्म्या तिने कोंड्यात टाकून बघितल्या.

तीन महिने काहीच झालं नाही. अळ्या गाजराच्या चकत्या खाऊन लठ्ठ झाल्या, पण एकीचाही भुंगेरा होईना, आणि भुंगेऱ्याशिवाय अंडी कुठली. शेवटी दुकानदाराने गुपित सांगितलं: ही जात गर्दीत कधीच बदलत नाही. अंगाला दुसऱ्या अळीचं अंग लागतंय तोवर ती अळीच राहते. प्रत्येकीला वेगळं कोंडायचं, अंधारात, उपाशी.

डेव्हिडचे गोळ्यांचे डबे सॅनीने टाकले नव्हते. दवाखान्यातून मिळालेले, आठवड्याच्या सात वारांचे सात कप्पे असलेले. सोमवारात एक अळी, मंगळवारात एक, अशी तिने रविवारपर्यंत भरती केली. दहा दिवसांत त्या वाकड्या झाल्या, मग कोष झाला, आणि एके सकाळी गुरुवारच्या कप्प्यात दुधासारखा पांढरा भुंगेरा बसलेला. तो दोन दिवसांनी तांबूस झाला आणि आठवड्याने काळाभोर. डेव्हिडच्या गोळ्यांनी डेव्हिडला वाचवलं नाही, पण त्या डब्यांनी लुसिंडाला शिकवलं. सरडा चार वर्षांनी मेला. लुसिंडा दोन दिवस रडली आणि तिसऱ्या दिवशी तिने मैत्रिणीकडून गाण्याची फीत मागून आणली. भुंगेरे मात्र राहिले. गणवेश, बूट, कॉलेज, सगळं त्या सहा खणांतून निघालं.

आता थोडं एका खेळाबद्दल. आमच्याकडे असल्या काळ्या भुंगेऱ्याला टॉकटॉकी म्हणतात. रानातला टॉकटॉकी पोट जमिनीवर आपटतो आणि टकटक करून मादीला बोलावतो. पोरांच्या एका खेळाचं नावही तेच: कुणाचं तरी दार वाजवायचं आणि धूम ठोकायची. सॅनीचे भुंगेरे परदेशी जातीचे, ते बापडे कधी टकटक करत नसत. पण जिच्या घरात टॉकटॉकी तिच्याच दारावर टॉकटॉकी खेळायचं, हे आमच्या पोरांचं तर्कशास्त्र बिनतोड होतं. अकरा वर्षं ती पोरं सॅनीचं दार वाजवत आली. पहिली मोठी झाली की दुसरी तयार. सॅनी दार उघडायची नाही. आतूनच अशा शिव्या हासडायची, की रांगेतली म्हातारी माणसं खुर्च्या पुढे ओढून ऐकायची. खरं तर पोरं त्या शिव्यांसाठीच यायची.

लुसिंडा तेविसाव्या वर्षी शाळेत शिक्षिका झाली आणि तिथल्याच रियान जेफ्ता नावाच्या शिक्षकाशी तिचं जमलं. रियानचे वडील निवृत्त हेडमास्तर, राहायला कुइल्स रिव्हरला. घराला पुढे हिरवळ आणि मागे गॅरेज. सॅनीची थोरली बहीण ग्वेन हिने सगळी चौकशी काढली.

“माणसं चांगली आहेत. फक्त एक सांभाळ,” ग्वेन म्हणाली. “रियान हेडमास्तरांचा नाही. बाई त्याला पोटात घेऊनच या घरात आली. नाव यांनी दिलं आणि कधी बोलून दाखवलं नाही. पण त्या घरात बाप हा शब्द जपून.”

“मी कशाला काढतेय कुणाचा बाप?” सॅनी म्हणाली.

मागणी घालायला मुलाने आईबापांना घेऊन मुलीच्या घरी यायचं, ही आमची रीत. नीट कपडे करून यायचं, दार वाजवायचं, आणि मुलीकडच्यांनी विचारायचं, काय काम काढलंत. सॅनीला आयुष्यात आता एवढंच हवं होतं. डेव्हिडच्या खुर्चीत बसून तिने तो प्रश्न विचारावा आणि आपल्या छपराखाली, आपल्या तोंडाने हो म्हणावं. त्यासाठी खिडकीचे पडदेही तिने स्वतः शिवले.

मागणीच्या पंधरा दिवस आधी लुसिंडा कपाटासमोर उभी राहिली. तिने खण उघडला नाही, हातही लावला नाही.

“मम्मी, हे त्या दिवशी नकोत.”

“बरं, त्या दिवशी चादर टाकते वरून.”

“चादर नको. वास येतो. तुला कळत नाही, तुझ्या नाकाला सवय झालीय. माझ्या कपड्यांना येतो. शाळेतल्या बाकीच्या शिक्षिका विचारतात मला.”

“त्यांना माझ्या पोरीला मागणी घालायचीय की माझे खण हुंगायचेत?”

“मम्मी, एकदा तरी माझ्यासाठी काहीतरी कर ना.”

सॅनी यावर खूप बोलू शकली असती. तिचं तोंड बंद झालेलं रांगेत कुणी पाहिलं नव्हतं, ते त्या दिवशी झालं. “बरं,” एवढंच ती म्हणाली.

अळ्या मारण्याची पद्धत ठरलेली असते: बर्फाच्या पेटीत ठेवायचं. थंडीने त्या गुंगतात आणि त्यांना काही कळत नाही म्हणतात. सांगणाऱ्याला कुणी पेटीत ठेवून पाहिलेलं नसतं. सॅनीने पावाच्या पिशव्यांत कोंड्यासकट सगळं भरलं, अळ्या, कोष, भुंगेरे, आणि मासळी बाजूला सारून पेटी गच्च केली. एका वेळी सगळं मावलं नाही, तीन खेपा कराव्या लागल्या. गोळ्यांचे डबे ती धुवायला बसली, आणि गुरुवारचं झाकण तेवढं तिच्याने उघडवेना. मग तिने डबे न धुताच कचऱ्यात टाकले. खण ब्लीचने घासले, दारं-खिडक्या उघडून आग्नेयेचा वारा दोन दिवस घरातून फिरवला. अकरा वर्षांनी कपडे कपाटात गेले. चहाची किटली उकळून थांबली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की घरात काहीच ऐकू येत नाहीये. कोंड्यातल्या अळ्यांच्या सळसळीवर ती इतकी वर्षं जगत होती आणि तिला पत्ता नव्हता.

रविवार उजाडला. तीनची वेळ ठरलेली. सॅनीने कुकसिस्टर तळून पाकात बुडवले, वर खोबरं भुरभुरवलं. सामोसे, केक, फुलांच्या कपबशा. दोन वाजता लुसिंडा कुणाची तरी गाडी मागून घेऊन ग्वेनला आणायला निघाली.

“मावशी असलेली बरी,” ती म्हणाली. “नीट बोलणारं कुणीतरी हवं.”

हे सॅनीला लागलं, पण तिने तेही गिळलं.

सव्वादोनला दार वाजलं. सॅनी केस सारखे करून धावली, दार उघडलं, तर कुणी नाही. कोपऱ्यावर पोरांच्या टाचा दिसल्या. अडीचला पुन्हा वाजलं. पुन्हा ती हसू आणून दारात, पुन्हा कुणी नाही. पोरांनाही नवल वाटलं असेल, कारण आज शिव्या येत नव्हत्या. सॅनी आत आली, तर घाईत पाकाचं पातेलं लवंडून टेबलक्लॉथवर ओघळ आलेला. नवा टेबलक्लॉथ. ती ओल्या फडक्याने तो पुसत होती, तेव्हा तिसऱ्यांदा दार वाजलं. तीन टकटक, सावकाश, जरा मोठ्याने.

तीन वाजायला वीस मिनिटं होती. सॅनीने पंधरा दिवस जे जे गिळलं होतं ते सगळं वर आलं.

“आलात का परत, मेल्यांनो?” ती तिथूनच ओरडली. “माझंच दार दिसतं का तुम्हाला? जा, आपल्या बापाचं दार वाजवा. आणि बाप कोण ते ठाऊक नसेल तर आधी आईला विचारा.”

शिव्यांनंतर हसणं यायचं आणि पळणारे पाय ऐकू यायचे. या खेपेला काहीच आलं नाही. मग पायऱ्यांवरून बुटांचा आवाज उतरत गेला, हळूहळू, तीन माणसांचा. सॅनीने पडदा बाजूला केला. निळ्या फितीची पांढरी टोपी घातलेली बाई फाटकातून बाहेर पडत होती. रियानच्या हातात फुलं होती, खाली वळवलेली. हेडमास्तर मागे राहिले आणि त्यांनी फाटकाची कडी नीट लावली. आयुष्यभर घंटेच्या आधी शाळेत पोचलेला माणूस तो, मागणीलाही आधीच पोचला होता.

सॅनी फडकं हातात घेऊनच धावली, एका पायात चप्पल.

“अहो, थांबा. पोरं आहेत हो इथली, मला वाटलं पोरं. रियान, थांब रे बाबा.”

गाडी वळून गेली. समोरच्या भिंतीवर तीन पोरं बसली होती. त्यातल्या वेन्झलच्या मुलीने तोंडातली गोळी काढली आणि गंभीरपणे सांगितलं, “आंटी, आत्ता आम्ही नव्हतो.”

तीनला लुसिंडा आणि ग्वेन आल्या. रियानचा फोन त्यांना वाटेतच आला होता. लुसिंडा आरडाओरडा करेल असं सॅनीला वाटलं, पण तिने नुसतं टेबलाकडे पाहिलं, मग कपाटाकडे.

“किडे गेले,” ती म्हणाली. “तोंड तसंच राहिलं.”

“मी पोरांना बोलले गं. तुला ठाऊक आहे, रोज वाजवतात.”

“ठाऊक आहे मला. त्या दाराच्या आत वाढलेय मी.” तिने बॅग भरली आणि ती ग्वेनबरोबरच तिच्या घरी, ग्रासी पार्कला गेली.

ग्वेनने मध्यस्थी केली, नाही असं नाही. आठवड्याने ती सांगायला आली.

“खेळाचं समजावलं मी त्यांना. मुद्दाम नाही केलं, हेही पटवलं. हेडमास्तर म्हणाले, पोरांना असं बोलणारी बाई तरी कसली?”

सॅनी पेल्यातला चहा ढवळू लागली.

“मागणी आता माझ्याकडे होईल,” ग्वेन म्हणाली. “रविवारी. तू या खेपेला नको येऊस. पुढे बघू. मनाला लावून घेऊ नकोस, पोरीचं भलं होतंय ना?”

“ग्वेन, अळी एकटी कोंडली की तिचा भुंगेरा होतो,” सॅनी म्हणाली. “माणसाचं काय होतं ते मात्र त्या दुकानदाराने सांगितलं नव्हतं.”

ग्वेनला ते कळलं नाही. किड्यांचं बोलणं तिला कधीच आवडलं नव्हतं.

डिसेंबरात लग्न झालं. पत्रिकेवर निमंत्रक म्हणून ग्वेन आणि तिच्या नवऱ्याचं नाव होतं. सॅनी चर्चमध्ये चौथ्या बाकावर बसली, कपाटात ठेवलेला, साबणाचा वास येणारा झगा घालून. हेडमास्तरांनी बाहेर पडताना टोपी उचलून नमस्कार केला. तिच्या शेजारच्या बाईलाही त्यांनी तसाच केला.

गिऱ्हाइकांचे फोन अजून येतात. मूठभर अळ्या आणल्या तर सहा महिन्यांत खण पुन्हा भरतील, हे सॅनीला ठाऊक आहे. ती सांगते, आता ठेवत नाही, आणि फोन ठेवते.

त्या फसलेल्या रविवारनंतर मात्र ती प्रत्येक टकटकीला दार उघडायला लागली. पोरं कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आत ती दारात उभी. शिवी नाही, आवाज नाही. एकदा तर बशीत कुकसिस्टर घेऊन आली. पोरांनी ते खाल्ले, पण त्यांची तोंडं पडली. पंधरा दिवसांत खेळ दुसऱ्या रांगेत गेला.

“का गं, येत नाही तुम्ही?” तिने वेन्झलच्या मुलीला रस्त्यात गाठून विचारलं.

“तुम्ही दार उघडता, आंटी,” मुलगी म्हणाली. “मग काय मजा?”

लुसिंडा महिन्यातून एकदा फोन करते. येईन म्हणते, येण्याआधी कळवीन म्हणते. अजून कळवलेलं नाही. सॅनीने बाहेरच्या लोखंडी जाळीला कुलूप लावणं सोडून दिलंय. चोऱ्यामाऱ्यांच्या हायडेवेल्डमध्ये असं कुणी करत नाही.