दाराजवळचा डबा

पुतळाबाईच्या डोक्यात एखादा प्रश्न शिरला की तिच्या हातचं सूत तुटायला लागायचं. भिवंडीतल्या एका लूमच्या कारखान्यात ती कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या काड्यांवर सूत गुंडाळायची. एक्क्याण्णवच्या दिवाळीनंतर तिचं सूत सारखं तुटायला लागलं, कारण तिची वांग्याची रोपं मेली होती.

रोपं आईच्या वांग्याची होती. अकलोलीला आईच्या परसात पांढरट-हिरवं काटेरी वांगं व्हायचं. सुकट घालून केलं की जेवणारा दुसऱ्या कालवणाकडे बघायचा नाही. त्या पावसाळ्यात आई गेली. भाऊ सोमा बाजारची रोपं लावायचा, त्यामुळे आईचं वांगं उरलं होतं ते फक्त चुलीवर टांगलेल्या पुरचुंडीत, राखेत घोळवलेलं चिमूटभर बी. 'वयनीच्या हाती दिलं तर कोंबड्यांच्या पोटात जायचं,' असं मनाशी म्हणत पुतळाबाईने ती पुरचुंडी कमरेला खोचली. भावजयीबद्दल, रंगूबाईबद्दल, तिचं मत असं होतं आणि ते बदलायची तिला घाई नव्हती.

तिच्या खोलीत उजेड कमी, चाळीत बकऱ्या. म्हणून अर्धं बी तिने तेलाच्या कापलेल्या डब्यांत पेरून कारखान्यातच ट्यूबलाइटखाली ठेवलं. उबेत रोपं कशी सरसर वाढली! सुट्टीच्या दिवशी मोठ्या तोऱ्यात अकलोलीला नेऊन तिने ती परसात लावली. परतीच्या एसटीची वेळ होईपर्यंत सगळी माना टाकून पडली होती.

"आमच्या मातीला मानवली न्हाय ती," रंगूबाई म्हणाली.

आईची माती आईच्याच वांग्याला मानवत नाही? पुतळाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मग मेली कशाने? गावात रोपं उघड्यावरच उगवतात, उघड्यावरच वाढतात. घरात वाढलेलं रोप बाहेर काढायची वेळ तिथे कोणावर आली नव्हती, तेव्हा विचारणार कोणाला?

ज्याला विचारलं नव्हतं त्याने उत्तर दिलं. यादव हा जौनपूरकडचा कारीगर, तिच्या शेजारचे लूम चालवायचा. "उनको आवाज चाहिए, भाभी. खटखट में पैदा हुए हैं. मैं गाँव जाता हूँ, तो मेरे को भी नींद नहीं आती."

पुतळाबाई हसली, पण किडा डोक्यात वळवळत राहिला. उरलेलं सगळं बी तिने पेरलं आणि एक डबा मुद्दाम घरी, शांत खोलीत ठेवला. ती रोपं अंगणातल्या उन्हात ठेवल्याबरोबर तशीच लोळली. म्हणजे आवाजाचा दोष नव्हता. पण पुरचुंडी आता रिकामी होती. कारखान्यातल्या डब्यांत होतं तेवढंच आईचं वांगं जगात उरलं होतं. तिला धडकी भरली.

त्यातला एक डबा जागा नव्हती म्हणून दाराजवळ पडलेला असे. येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय लागायचा, वारा लागायचा, पाणी घालायचं तर हमखास राहून जायचं. रोपं खुरटलेली, काळपट, बघवत नव्हती. एके दिवशी कोणाची तरी लाथ बसून तो डबा बाहेर रस्त्याकडेच्या उन्हात गेला, आणि शिफ्ट सुटल्यावरच पुतळाबाईला दिसला. रोपं ताठ उभी होती. तिने एकाचा देठ चिमटीत धरून पाहिला. टणक!

"अगं बाई," ती रस्त्यातच मोठ्याने म्हणाली, "लाडानं मारली मी त्यांना!"

दुसऱ्या दिवसापासून सगळे डबे दाराशी आले. आधी नुसता वारा, मग थोडं कोवळं ऊन, पुन्हा आत, मग त्याहून थोडं जास्त. पाणी बेताचं. जाता-येता ती शेंड्यांवरून तळहात फिरवायची.

"मारती है कि लाड करती है?" यादवने विचारलं.

"दोन्ही."

रोपं राठ झाल्यावर ती अकलोलीला गेली आणि उतरत्या उन्हात लावून या वेळी मुक्कामालाच राहिली. सकाळी गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर आंघोळ करून परसात आली, तर रंगूबाई वाफ्याभोवती काटेरी फांद्या रोवत होती.

"कोंबड्या येतात ना," ती म्हणाली. "सासूबाईंचं वांगं हाय."

पुतळाबाई खाली बसली आणि तिच्या हातात एकेक फांदी देऊ लागली. आपण हिला उगाच पाण्यात पाहिलं, याची तिला लाज वाटली. रोपांना थोड्या-थोड्या उन्हाची सवय कशी लावली, ते तिने रंगूबाईला सांगितलं. दिवसभर दोघी आळीपाळीने रोपं बघत राहिल्या. भर दुपारी पानं जराशी लवली, संध्याकाळी पुन्हा उभी राहिली. एकही रोप गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुतळाबाई पिशवी भरायला लागली, तेव्हा रंगूबाईने तिच्या तोंडाकडे पाहिलं. "डोळं लाल कशानं, वन्सं? दोन राती झोपली न्हाय जणू."

"लय गप हाय गं इथं," पुतळाबाई म्हणाली. काल्हेरच्या गोदामात हमाली करणाऱ्या नवऱ्याला ती वर्षानुवर्षं सांगत आली होती, की तुमचे हात थकले की आपण अकलोलीला जाऊ. जन्म झाला त्याच घरात आता तिचा डोळा लागत नव्हता.

रंगूबाईने रोपांकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, "एकदम न्हाय जमायचं. दर सुट्टीला एकेक रात येत जा."

पुतळाबाईने पिशवीतलं एक लुगडं परत काढलं आणि पुढच्या खेपेसाठी आतल्या दांडीवर टाकलं.