सोफ्यावरून दिसणारा टीव्ही

अक्काच्या घरी टीव्ही आला तेव्हा दिवाणखान्याच्या दाराची चौकट काढावी लागली. हे अक्कानं मला फोनवर सांगितलं, आणि अशा सुरात सांगितलं की जणू ही तक्रारच आहे. "काय सांगू तुला, लई घाण झाली बघ घरात. मिस्त्री बोलवावा लागला, मिलमधले हमाल लागले उचलायला." मी इकडून "अरेरे" म्हणाले. पोटात दुखायला तेव्हाच लागलं होतं.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. उदगीरकडची, तिकडं थोरल्या बाईला अक्का म्हणतात, म्हणून आमच्या घरात आल्यावरही ती अक्काच राहिली. थोरल्या दिरांची लातूरला डाळ मिल. आमचे हे नांदेडला पाटबंधारे खात्यात, आणि आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, सासरे थोरल्यांकडं. सासऱ्यांना आम्ही दोघी मामा म्हणायचो. जावाजावांत हेवादावा असायचाच, असं लोक म्हणतात. आमच्यात दावा कधी झाला नाही, कारण अक्का भांडणारी बाईच नव्हे. हेवा होता, तो सगळा मी एकटीनं सांभाळला.

आणि का नसावा? तिच्या घरी फ्रिज आधी, गाडी आधी, गिझर आधी. वर ती कधी मिरवायची पण नाही. मिरवली असती तर बरं झालं असतं, निदान मला नावं ठेवायला जागा मिळाली असती. तिचं आपलं एकच, "मला काय कळतंय त्यातलं." हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

टीव्ही मी पहिल्यांदा बघितला तो येळवसेला. लातूरकडं ह्या अमावस्येला अख्खं गाव शेतात असतं. कडब्याच्या कोपीत पूजा, मग हिरव्या दाण्यांची भज्जी, आंबिल, आणि जेवून ज्वारीच्या कडेला तंगड्या पसरून गप्पा. दरवर्षी दिवस बुडेपर्यंत आम्ही उठायचो नाही. त्या वर्षी सगळ्यांची घरी जायची गडबड. आमचे हे तर आंबिलीचा तांब्या तोंडाला लावूनच म्हणाले, "दादा, चला की."

घरी गेलो. आता काय सांगू? टीव्ही कसला, कपाटच ते. छातीएवढं उंच, काळं, खाली चाकं. दीर म्हणाले, आत तीन दिवे असतात, लाल, हिरवा, निळा. ते आरशावर चित्र पाडतात आणि आरसा ते मागून पडद्यावर फेकतो. थेटरात पुढून पडतं, इथं पाठीमागून. हे त्यांनी आम्हाला सांगितलं, मग चहाला आलेल्या शेजाऱ्यांना सांगितलं, मग परत आम्हाला. दिवसा पडदे ओढल्याशिवाय चित्र दिसायचं नाही, म्हणून खिडक्यांना जाड पडदे शिवले होते. दिवाणखान्यात भरदुपारी रात्र.

पण देवाला माझी दया आली. नवी वस्तू घरात आली की अक्का आधी हळदीकुंकू लावणार. फ्रिजला लावलं, गाडीला लावलं, मिलच्या मोटारीलासुद्धा लावलं. ह्या टीव्हीला लावायचं कुठं? पुढून बघावं तर सगळा पडदाच. मग तिनं पडद्याच्याच वरच्या कोपऱ्यात ओल्या कुंकवानं ठसठशीत स्वस्तिक काढलं, नारळ वाढवला, नमस्कार केला. आता तो पडदा काचेचा नव्हे. प्लास्टिकचा, आणि त्याला उभ्या बारीक बारीक खाचा. कुंकू जाऊन बसलं खाचांत. पुसलं तर पसरलं, ओल्या फडक्यानं पुसलं तर आणखी पसरलं. बातम्या सांगणाऱ्या बाईच्या डोक्यावर तेव्हापासून एक तांबूस ढग कायमचा. दीर चिडले होते म्हणे. मी तो ढग बघितला आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला घास गोड लागला.

मग बसाबसी झाली. समोरच्या मोठ्या सोफ्यावर मधोमध मामा. एका बाजूला दीर, दुसऱ्या बाजूला हे. आमची लेक तेव्हा शाळेत होती, ती आजोबांच्या कुशीत घुसून बसली. लेकीबाळींना सोफा चालायचा. सुनांना नाही. असा काही कुणी नियम सांगितला नव्हता, पण सासऱ्यासमोर, थोरल्या दिरासमोर वर बसायचं नसतं हे काय सांगावं लागतं? डोक्यावरचा पदर सावरून आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या दाराशी सतरंजीवर बसलो. टीव्ही लावला. सोफ्यावरून "वा" आलं.

मला काहीच दिसेना.

म्हणजे दिसत होतं, पण काळोखात कुणीतरी हलल्यासारखं. मला वाटलं, बिघडलाय. नाव मोठं, लक्षण खोटं. मला इतका आनंद झाला की मी पाणी आणायच्या निमित्तानं उठले, आणि उभी राहिले तशी चित्रात जान आली. पाणी घेऊन सोफ्यामागून गेले तर काय ते रंग, काय ती माणसं, हात लावावा इतकी जवळ. परत खाली बसले, परत अंधार. तेव्हा उमजलं. हा टीव्ही समोरून आणि बरोबरीच्या उंचीवरूनच दिसतो. कडेला बसाल, खाली बसाल, तर गेला.

मी हळूच म्हणाले, "अक्का, तुम्हाला इथून दिसतंय का?"

"न्हाई गं. आवाज येतोय की. आवाज लई चांगला हाय."

खरं सांगते, मला गार वाटलं. घरधनीण, आणि तिच्याच टीव्हीवर तिला अंधार. त्या रात्री मला झोपही छान लागली.

पण ते गारपण नांदेडला येईपर्यंतच टिकलं. आमचे हे घरात पाय ठेवल्या ठेवल्या आमच्या टीव्हीकडं बघून म्हणाले, "हे काय खेळणं हाय." पुढं कितीतरी दिवस तेच. दादांकडं असं दिसतं, दादांकडं तसं दिसतं. मी उठून खुर्च्या टीव्हीच्या जवळ ओढल्या. जवळून बघितलं की आमचाही मोठा दिसायचा, फक्त डोळे दुखायचे.

तिकडून मधनंमधनं बऱ्यावाईट खबरी येत होत्या. वाईट आल्या की मी नीट ऐकून घ्यायची. लोडशेडिंगमुळं टीव्ही निम्मा वेळ बंदच, त्याला इन्व्हर्टर पुरेना. मिलची धूळ आत जाऊन चित्र पिवळट झालं. सणाला घर धुताना जागचा हलवला तर तिन्ही रंग एकमेकांपासून सुटले, एकेका माणसाला तीन तीन नाकं. कारागीर सोलापूरहून यायचा. हे ऐकून आमचे हे हळहळायचे. मी भाजी चिरत असायची आणि भाजी फार बारीक चिरली जायची.

एवढ्यावरच राहिलं असतं तर काही नव्हतं. टीव्ही काय, वस्तू आहे. पण मग माझी लेक लातूरला गेली.

दहावीला तिला चांगले मार्क पडले. चांगले मार्क पडले की आमच्याकडं पोरं लातूरला जातात, अकरावी-बारावीला, क्लाससाठी. होस्टेलची चौकशी चालू होती, तर मामांचा निरोप आला, घर असताना पोरगी दुसरीकडं का म्हणून? अक्काचे दोन्ही मुलगे तेव्हा शिकायला बाहेरगावी. घर मोकळं. नाही कसं म्हणणार? मी नाही म्हणून बघितलं, तर हे म्हणाले, "सख्ख्या काकाच्या घरी तुला काय सलतंय?" काय सलतंय ते नवऱ्याला सांगता येत नाही.

आधी आधी पोरगी फोनवर रडायची. तिकडं ती रडायची, इकडं मी रडायची, आणि फोन ठेवल्यावर मला जरा बरं वाटायचं. मग रडणं कमी झालं. मग फोनवर "काकू" जाऊन "मोठी आई" आलं. मोठ्या आईनं डोक्याला तेल लावून दिलं. मोठी आई क्लासच्या दारात छत्री घेऊन उभी होती. मोठ्या आईच्या हातचं वरण तू एकदा खाऊन बघ. मी जन्मभर वरण केलं ते काय होतं मग? मोठी आई म्हणतातच आमच्याकडं थोरल्या काकूला, त्यात वावगं काही नाही. पण मोठी म्हटलं की दुसरी आपोआप लहान होते, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. वाढवली मी, गोवर-कांजिण्या मी काढल्या, आणि हिला मिळाली तयार. आयत्या बिळावर नागोबा.

एकदा शेंगाच्या पोळ्या करून घेऊन गेले. लेकीच्या आवडीच्या, कडक, तूप लावून. एसटीत डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. पोरीनं डबा उघडला आणि हसून म्हणाली, "अगं, मोठ्या आईनं कालच केल्यात." अक्का लगेच, "तुझ्या आईच्या चांगल्या असतात, माझ्या जाड होतात." बघा, भांडायलासुद्धा जागा ठेवत नाही बाई.

रोज संध्याकाळी क्लासहून आल्यावर जेवणापर्यंत पोरगी टीव्हीसमोर बसायची. तेवढीच करमणूक. त्याच्याबद्दलही फोनवर सांगायची, आम्ही हे बघितलं, आम्ही ते बघितलं. त्या "आम्ही"त कोण कोण आहे हे मी विचारत नव्हते.

दिवाळीला ती म्हणाली, "आई, मी येत नाही. क्लास लवकर सुरू होतायत. इथंच करते दिवाळी." लक्ष्मीपूजनाला माझी लेक माझ्या घरी नाही. दिवाळी मी कशी काढली ते माझं मला ठाऊक. फराळ केला आणि शेजाऱ्यांना वाटला. भाऊबीज झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ह्यांना सांगितलं, "मी पोरीला घेऊन येते."

"वर्षाच्या मधी?"

"हाव, मधी. नांदेडला क्लास नाहीत का? गल्लोगल्ली झालेत."

"ती येणार हाय का पण?"

"माझी लेक हाय. येणार न्हाई तर काय करील?"

मी दुपारची जेवणं उरकून एसटी धरली. वाटेत काय बोलायचं ते मनात जुळवत होते. अभ्यासाचं नाव घ्यायचं, माझ्या गुडघ्यांचं नाव घ्यायचं, अक्काला त्रास नको म्हणायचं. पोरगी कुरकुर करील, पण बॅग भरील. घरी आली की आठवड्यात माझी होईल. लातूरच्या स्टँडवर उतरले तेव्हा दिवे लागत होते. रिक्षानं घरी आले.

दार उघडंच होतं. दिवाणखान्यात टीव्ही लागलेला आणि बाकी अंधार, नेहमीसारखा. मी चपला काढता काढता आत बघितलं.

अक्का सोफ्यावर बसली होती. मधोमध. मामा बाजूच्या खुर्चीत, दीर दुसऱ्या खुर्चीत, आणि अक्का मामांच्या देखत वर, पाठ टेकून, पाय खाली सोडून. तिला चिकटून माझी लेक. अक्काचं तोंड जरासं उघडं राहिलं होतं, तिला मी आलेली कळलीसुद्धा नाही.

"आई!" पोरगी ओरडली. अक्का दचकली, पदर ओढला, उठायला लागली. पोरीनं तिचा हात धरून खाली बसवलं. "बस गं तू."

मी मामांना वाकून नमस्कार केला. मामांनी माझ्या चेहऱ्यावर काय वाचलं कोण जाणे, आपणहून सांगायला लागले. "ही पोरगी म्हणली, आजोबा, मोठी आई रोज अंधार बघती. खालून काहीच दिसत न्हाई म्हणे. आता मला काय ठावं? आम्ही खाली कधी बसलोच न्हाई. म्हणलं, मग वर बसव तिला."

एवढंच. इतकी वर्षं त्या घरात टीव्ही चालला, पण कुणी विचारलं नाही. माझ्या पोरीनं विचारलं. कुणाही आईला अभिमान वाटावा, आणि माझ्या मात्र डोळ्यांपुढं दुसरंच येऊन राहिलं. येळवशी, दिवाळ्या, उन्हाळ्याच्या सुट्ट्या. प्रत्येक वेळी अक्काच्या शेजारी सतरंजीवर मी पण होते. तोच अंधार मीही बघत होते, आणि पोरगी वरून, आजोबांच्या कुशीतून, आम्हा दोघींना बघत होती. माझ्यासाठी तिला हे सुचलं नाही.

"आई, तू पण ये ना वर." ती सरकली. अक्काही सरकली. "ये गं, ये. लई मस्त दिसतंय. मला बाई ठाऊकच नव्हतं."

जागा झाली ती अक्काच्या पलीकडं.

मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेले, सतरंजी पसरली आणि बसले. "राहू दे. मला इथून दिसतंय."

"अगं, तिथून काही दिसत नाही आई."

"दिसतंय म्हणाले ना."

पोरगी "बरं" म्हणाली, आणि परत टीव्हीकडं वळली. वळताना तिनं डोकं अक्काच्या खांद्यावर टेकलं, सवयीनं टेकतात तसं. अक्कानं तिच्याकडं न बघताच तिच्या केसांवरून हात फिरवला.

टीव्हीवर काय लागलं होतं मला माहीत नाही. पडद्यावर सगळा काळोख होता. त्या काळोखातून उजेड मात्र पडत होता सोफ्यावर, आणि त्या दोघी मला तिथून लख्ख दिसत होत्या. सकाळच्या बसनं मी एकटीच नांदेडला परतले. पोरीला न्यायला आले होते, हे मी तिथं कुणाला बोललेच नाही.